काढून टाकायच्या अक्षरांची चौकशी

"तेवढे स्पेशल कॅरेक्टर काढून टाका नि स्वच्छ फाइल द्या." कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी बरीच वर्षं याद्या दुरुस्त करून देण्याचं काम करतो आहे. पतपेढीच्या सभासदांची यादी असो, ग्रंथालयाचं जुनं सूचिपत्र असो की लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचे पत्ते असोत, बहुतेक कामांची सुरुवात याच वाक्याने होते. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तांदूळ निवडणं असतं. खडे वेगळे, दाणे वेगळे, कुणालाही सहज दिसणारे. मी विचारतो, "कोणते काढू?" त्यावर लोक कीबोर्डच्या वरच्या रांगेवरून बोट फिरवतात. शिफ्ट दाबल्यावर जे काही उमटतं ते सगळं.

हे काम मी पर्लमध्ये करतो. हल्लीची मुलं त्यावर हसतात, हसू देत. भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७च्या डिसेंबरात ही भाषा बाहेर आणली, तेव्हापासून मजकूर चाळणं, वेचणं, बदलणं हाच तिचा मुख्य धंदा आहे. इंग्रजी अक्षर, आकडा आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं उडव, हे पर्लला सांगायला अर्धी ओळ पुरते. मला भीती त्या अर्ध्या ओळीचीच वाटते. चार पानांचा प्रोग्राम लिहावा लागला असता तर लिहिता लिहिता माणसाने विचार तरी केला असता.

उल्हासनगरचे पत्ते घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची कल्याण ट्रान्झिट कॅम्प ही छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते कॅम्प पाच अजून पत्त्यांत आहेत. लांबलचक बराक, तिच्यात आडव्या भिंती घालून पाडलेल्या खोल्या आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब, अशी ती वस्ती उभी राहिली. म्हणून पत्ता लिहिताना आधी बराकीचा आकडा, मग तिरकी रेघ, मग खोलीचा आकडा. ही रेघ काढली की ११२/३ आणि ११/२३ हे दोन पत्ते एकच होतात, ११२३. दोन बराकींमधली दोन कुटुंबं कागदावर एका घरात राहायला येतात. पुढे कुणीतरी "दुहेरी नोंदी काढा" म्हणतो आणि त्यातलं एक घर यादीतून जातं. कीबोर्डवर बोट फिरवणाऱ्याला ती रेघ कचरा वाटते, कारण तो स्वतः सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहतो.

बदलापूर-अंबरनाथकडच्या गावांतल्या याद्यांमध्ये दुसरं एक चिन्ह भेटतं. ईमेलच्या पत्त्यात असतं ते @. रमेश @ बाळा. कोर्टकचेरीच्या आणि पोलिसांच्या कागदांत हे चिन्ह ऊर्फ म्हणून चालतं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. गावात माणसाला बाळा म्हणूनच ओळखतात. रमेश हे फक्त शाळेच्या दाखल्यावरचं नाव. @ काढलं की "रमेश बाळा" उरतं, आणि बाळा हे वडलांचं नाव होऊन बसतं. आणखी एक पिढी गेली की वारसाच्या अर्जात त्यावरून भांडण. त्यामुळे माझ्या प्रोग्राममध्ये नावाच्या रकान्यातल्या @ चा ऊर्फ होतो आणि ईमेलच्या रकान्यातलं @ जसंच्या तसं राहतं. चिन्ह एकच असलं तरी रकाना बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

पण हे सगळं डोळ्यांना दिसणारं झालं. खरी गंमत एका पतपेढीच्या यादीत होती. काही हजार सभासद, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांतले. यादी तीन काळांत भरली गेली होती. सगळ्यात जुना भाग कृतिदेव फॉन्टमध्ये, मधला इंग्रजीत, शेवटचा युनिकोडमध्ये. कृतिदेव तसा हिंदी पट्ट्यातला, पण उल्हासनगरात हिंदी टायपिंग शिकलेले लोक पुष्कळ, म्हणून तो इथेही रुजला. पुण्यामुंबईच्या छापखान्यांतून श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे फॉन्ट यायचे. त्यांच्या तऱ्हा निराळ्या, रोग तोच. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला देवनागरी माहीतच नसते. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीत आपली अक्षरं बसवायची तर इंग्रजी कळा अपुऱ्या पडतात, म्हणून विरामचिन्हांच्या कळाही कामाला लावल्या.

कृतिदेवमध्ये ; म्हणजे य. एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श, दुहेरी म्हणजे अर्धा ष. टिंब म्हणजे अर्धा ण, / म्हणजे अर्धा ध, [ म्हणजे अर्धा ख, { म्हणजे अर्धा क्ष. = म्हणजे त्र आणि | म्हणजे द्य. अर्ध्या अक्षराला पूर्ण करणारा काना म्हणजे इंग्रजी के.

आता यातून विरामचिन्हं काढून टाका. विजयचा विज होतो, संजयचा संज. लक्ष्मण हे नाव फाइलमध्ये वाय, महिरपी कंस, ई, टिंब, के असं बसलेलं असतं. कंस आणि टिंब गेलं की वाय, ई, के उरतं आणि पडद्यावर दिसतं "लमा". गणेशचा ग, त्यावर ओकार, त्यापुढे आणखी एक सुटा काना. पतपेढीला आधी कुणीतरी अशी एक "स्वच्छ" प्रत करून दिली होती. तिच्यात सगळ्या लक्ष्मणांचे लमा झाले होते.

न काढता नुसतं शोधायचं ठरवलं तरी सुटका नाही. पर्लमध्ये जुळणी करताना टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, उभी दांडी म्हणजे "किंवा", चौकटी कंस म्हणजे अक्षरांचा गट सुरू. पतपेढीच्या चिटणीसबाईंना विद्या नावाच्या सभासद हव्या होत्या. विद्या या नावात कृतिदेवची उभी दांडी असते. पर्लने वाचलं, "वि" असलेलं नाव किंवा काना असलेलं नाव. जवळजवळ अख्खी यादी विद्या निघाली. शेख आडनाव शोधायला गेलं तर प्रोग्राम जागीच थांबतो. ख साठी उघडलेला चौकटी कंस बंद कुठे झाला, असं तो विचारतो. यावर पर्लमध्ये साधा उपाय आहे. शोधायच्या शब्दाआधी बॅकस्लॅश आणि मोठा क्यू, नंतर बॅकस्लॅश आणि मोठा ई. मधल्या चिन्हांचे सगळे अधिकार काढून घेतले जातात, ती नुसती चिन्हं उरतात. कोटमेटा नावाचं फंक्शन तेच करतं. बाहेरून आलेला कोणताही शब्द या कुंपणाशिवाय जुळणीत घालू नये, मग तो मराठी असो की चिनी.

सगळ्यात चिवट गाठ स्वल्पविरामाची होती. कृतिदेवमध्ये स्वल्पविराम म्हणजे ए. आणि पतपेढीच्या जुन्या प्रोग्रामने रकाने वेगळे करायला स्वल्पविरामच वापरला होता. ठाणे जिल्ह्यात एकनाथ काही थोडे नाहीत. स्वल्पविरामावर ओळ तोडली की एकनाथांच्या नावाचं डोकं उडतं, सगळे रकाने एक घर पुढे सरकतात आणि फोन नंबर ठेवीच्या रकमेत जाऊन बसतो. बरं, आधी सगळं युनिकोडमध्ये आणावं म्हटलं तर रकान्यांमधले स्वल्पविरामही ए होतात. तोडावं तर एकनाथ मोडतो आणि बदलावं तर यादीच मोडते. दोन स्वल्पविराम लागोपाठ दिसले तर ते रिकामा रकाना आणि त्यानंतरची सीमा, की सीमा आणि एकनाथ? शेवटी रकाने मोजले. ओळीत जितके असायला हवेत तितकेच भरले तर ती ओळ सरळ तोडायची. जास्त भरले तर सभासद क्रमांक डावीकडून आणि फोन उजवीकडून पकडायचा, कारण ते आकडेच असणार, आणि मधल्या स्वल्पविरामांपैकी ज्याच्यामागे लगेच अक्षर आहे त्याला ए समजून पाहायचं. तरीही काही ओळी उरल्या. त्या कागदावर छापून चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या, बहुतेक न थांबता. माणसं त्यांच्या ओळखीची होती.

युनिकोडच्या भागात तरी निवांतपणा असेल असं वाटलं होतं. तिथे निराळाच प्रकार. बदलापूर धड, पण अंबरनाथचा अ गेलेला. उल्हासनगरचा ग गेलेला. कुळगाव-बदलापूर लिहिलंय तिथे कुळगाव मोडलेलं आणि बदलापूर शाबूत. विठ्ठलवाडी, ठाणे, कॅम्प, कल्याण, सगळी अर्धवट. ऑर्डनन्स फॅक्टरी तर दोन्ही शब्दांत मोडलेली. प्रत्येक गेलेल्या अक्षराच्या जागी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून एखादी आडवी रेघ, तीन टिंबं, चांदणी किंवा मोकळी जागा. बदलापूरकरांनी गंमत म्हणून काय काय सुचवलं ते सोडा.

ही यादी कुठूनतरी आणलेल्या तयार पर्ल चाळणीतून गेली होती. वर्डमधून उतरवलेल्या इंग्रजी मजकुरात वळणदार अवतरणचिन्हं, लांब रेघा, ठिपक्यांचे गोळे, ओळ तुटू न देणाऱ्या मोकळ्या जागा येतात. त्यांच्या जागी साधी चिन्हं घालायची, एवढंच ती चाळणी करत होती. असल्या चाळण्यांची परंपरा जुनी आहे. ऑटोडेस्कच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन वॉकर यांनी नव्वदच्या दशकात पर्लमध्येच लिहिलेला डीमोरोनायझर त्यासाठीच प्रसिद्ध होता. विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपी तक्त्यात ही चिन्हं एकेका बाइटची. तीन टिंबं म्हणजे १३३, वळणदार अवतरणं १४५ ते १४८, गोळा १४९, लहान-मोठी रेघ १५० आणि १५१, न तुटणारी जागा १६०. इंग्रजी मजकुरात हे आकडे दुसऱ्या कशासाठी येत नाहीत, म्हणून चाळणी चालते.

यूटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा, २२४. दुसरा १६४ किंवा १६५. ओळख पटते ती तिसऱ्यावरून. आणि ठ चा तिसरा बाइट १६०. अ चा १३३, ॅ चाही १३३. क चा १४९, ख चा १५०, ग चा १५१, ऑ चा १४५, ओ आणि औ चे १४७ आणि १४८. पर्लला फाइल कोणत्या संकेतात आहे ते सांगितलं नाही तर ते सुटे बाइट पाहतं, अक्षरं पाहत नाही. त्या चाळणीला ठाणे दिसलंच नाही. तिला ठ च्या पोटात एक न तुटणारी मोकळी जागा दिसली, आणि ती तिने इमानेइतबारे साध्या जागेत बदलली. बदलापूर या नावातल्या एकाही अक्षरात यातला एकही बाइट नाही, म्हणून तेवढं वाचलं. हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. इतका नेमका अपघात करायचा म्हटलं तर जमणार नाही.

नेमका होता म्हणूनच तो उलटाही फिरवता आला. २२४ आणि १६४ यांच्यामागे मोकळी जागा असेल तर तो ठ. तीन टिंबं असतील तर अ, चांदणी असेल तर क. या फाइलचं नशीब एवढंच की मधल्या काळात कुणी ती दुसऱ्या संपादकात उघडून सेव्ह केली नव्हती. केली असती तर तुटके बाइट कायमचे प्रश्नचिन्ह झाले असते. दोन जागी मात्र गणित संपलं. ख आणि ग या दोघांच्या जागी तीच आडवी रेघ आली होती, ओ आणि औ या दोघांच्या जागी तेच अवतरणचिन्ह. उल्हासनगरचा ग कळतो, शेखचा ख कळतो. पण खाडे की गाडे? खोरे की गोरे? चारही आडनावं या पट्ट्यात आहेत. तिथे पुन्हा छापील कागद, पेन्सिल आणि पतपेढीची जुनी खतावणी.

यावरचा इलाज पर्लच्या कागदपत्रांत लिहिलेला आहे. मजकूर आत घेताना बाइटचं अक्षरांत रूपांतर करा, बाहेर सोडताना पुन्हा बाइट करा, मधलं सगळं काम अक्षरांवर करा. पर्ल ५.८ पासून, म्हणजे २००२ पासून, त्यासाठी एन्कोड हे मोड्यूल सोबतच मिळतं. न केल्यास निदान "वाइड कॅरेक्टर इन प्रिंट" अशी तक्रार पर्ल कधीकधी करतं, आणि लोक ती तक्रार बंद कशी करायची ते शोधतात. लेबलं छापणाऱ्या एका प्रोग्रामचं असंच होतं. त्याला गावाच्या नावासाठी वीस घरं दिली होती आणि तो बाइट मोजायचा. उल्हासनगर डोळ्यांना सहा अक्षरांचं. युनिकोडच्या हिशेबात ती नऊ चिन्हं आणि यूटीएफ-८ मध्ये सत्तावीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालली की सातव्या चिन्हाच्या, म्हणजे न च्या, मधोमध चालते.

अक्षरांवर काम सुरू झालं की पुढची चूक ठरलेली. इंग्रजीत ए ते झेड लिहितात तसं मराठीत अ ते ह लिहायचं आणि बाकी सगळं उडवायचं. युनिकोडच्या तक्त्यात काना, मात्रा, वेलांट्या, उकार ह नंतर येतात, अनुस्वार अ च्याही आधी. परिणामी तिन्ही गावं अशी दिसतात: उलहसनगर, अबरनथ, बदलपर. "अक्षर" या युनिकोड गुणधर्मावर विसंबलं तरी हेच, कारण काना-मात्रेची जात तिथे "चिन्ह" अशी वेगळी लावलेली आहे. दोन्ही जाती मागाव्या लागतात. आकड्यांचं याच्या उलट. पर्लचा बॅकस्लॅश डी देवनागरी आकडेही आकडे म्हणून स्वीकारतो, पण बेरीज करायला गेलं की त्यांची किंमत शून्य धरतो. त्यामुळे ० ते ९ आधी इंग्रजीत करून घ्यायचे. ते काम एका ओळीचं आहे.

या सगळ्यामुळे माझी पद्धत हळूहळू उलटी झाली. आता मी आधी काहीच काढत नाही. फाइलमधलं प्रत्येक चिन्ह किती वेळा आलं ते मोजणारा छोटा प्रोग्राम चालवतो. त्याचा तक्ता काढतो. एका बाजूला चिन्ह, शेजारी त्याचा युनिकोड क्रमांक आणि अधिकृत नाव, मग संख्या, आणि शेवटी ते जिथे आलंय अशा दोन-तीन ओळी. वरचा भाग कुणी वाचायची गरज नसते, तिथे काना आणि र असतात. वाचायचा तो खालचा भाग, जिथे चिन्हं एकदा-दोनदाच आलेली असतात. हा तक्ता छापून ज्याची यादी त्याच्यासमोर ठेवायचा. संगणकवाल्यासमोर ठेवून उपयोग नाही. त्याला चिन्हाचं नाव माहीत असतं, पण त्या घरात कोण राहतं ते माहीत नसतं. ग्राहक आधी कंटाळतात. पाचव्या ओळीला मात्र कुणीतरी म्हणतंच, "थांबा, हे काढू नका."

उल्हासनगरातल्या एका सिंधी संस्थेच्या स्मरणिकेच्या वेळी तक्त्याच्या तळाशी ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं आली. छापखान्यातल्या मुलाचं मत पडलं की खालची रेघ म्हणजे फॉन्टचा बिघाड, साधी ग, ज, ड, ब करून टाका. मी तक्ता घेऊन कॅम्प चारमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त सिंधी शिक्षकांकडे गेलो. त्यांना सगळे दादाच म्हणतात. त्यांनी चारही ध्वनी मला उच्चारून दाखवले, श्वास बाहेर सोडण्याऐवजी आत ओढून, आणि मग माझ्याकडून म्हणवून घेतले. मला काही ते जमले नाहीत. सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही. देवनागरीत या ध्वनींसाठी ही रेघेची अक्षरं. युनिकोडमध्ये ती २००६ साली आली. त्याआधीच्या तक्त्यावर चालणारं जुनं पर्ल त्यांना अक्षर मानतच नाही, उडवून मोकळं होतं. आणि २००६ पूर्वी टंकलेल्या मजकुरात तीच रेघ वेदांतल्या अनुदात्ताचं चिन्ह ग खाली लावून काढलेली असते. म्हणजे एकाच अक्षराची दोन रूपं. दादांनी चष्मा वर केला, दोन्ही पाहिली आणि म्हणाले, "बेटा, वाचणाऱ्याला दोन्ही एकच. मशीनला तू समजाव." समजावलं. जुनं रूप नव्यात बदलणाऱ्या चार ओळी लिहिल्या, आणि पर्लही नव्या आवृत्तीचं घातलं. ५.२६च्या आधीच्या पर्लला नुसती "देवनागरी" मागितली तर ते अनुदात्त आणि दंड देत नाही, कारण ती चिन्हं अनेक लिप्यांची सामाईक मालमत्ता समजली जातात. स्मरणिकेतल्या भजनांचे सगळे दंड एका फटक्यात गेले असते.

मराठीचीही अशी जुळी रूपं आहेत. ॲड. लावणारे वकील उल्हासनगरात भरपूर. कुणी ते ॲ एकाच चिन्हाने लिहितं, कुणी अ वर चंद्रकोर देऊन. युनिकोडचं सामान्यीकरण या दोन रूपांना एक मानत नाही. कऱ्हाडकर, गोऱ्हे यांच्यातल्या अर्ध्या र चंही तेच. एक रूप खाली टिंब असलेल्या ऱ पासून होतं, दुसरं साध्या र चा पाय मोडून, त्यामागे शून्य रुंदीचा जोडक घालून. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, जागा घेत नाही, पण तो काढला की अर्धा र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. "न दिसणारी चिन्हं काढा" ही मागणी ऐकायला किती वाजवी वाटते! पर्लने ५.१८ पासून या जोडकाला शब्दाचा भाग मानलं, तोवर बॅकस्लॅश डब्ल्यूची चाळणी लावली की गोऱ्हे कुटुंबाच्या आडनावाचा रफार व्हायचा.

म्हणून जोडक ठेवायचा असं ठरवून टाकलं होतं, तेवढ्यात पतपेढीने मोबाइलवरून अर्ज घ्यायला सुरुवात केली. नावांपुढे हात जोडलेली मुद्रा, लाल बदाम, आई-बाप-मुलाचं चित्र. चिटणीसबाई म्हणाल्या, "हे मात्र खरंच काढा हो." यावर वाद नव्हता, काढलं. नंतर दुहेरी नोंदी शोधताना एकच नाव दोनदा यायला लागलं. डोळ्यांना अगदी सारखं, पर्लला वेगळं. तक्ता काढला तर खाली शून्य रुंदीचा जोडक, ज्याच्या आधी पाय मोडलेलं अक्षरच नाही. आई-बाप-मुलाचं एक चित्र म्हणजे आतून तीन चित्रं आणि त्यांना बांधणारे दोन जोडक. चित्रं गेली, जोडक नावाला चिकटून राहिले. बदामामागे आणखी एक अदृश्य खूण असते, त्याला रंगीत दाखवायला सांगणारी. युनिकोडच्या हिशेबात तिची जात "चिन्ह", म्हणजे काना-मात्रेसाठी मीच उघडलेल्या दारातून ती आत आली.

आता चाळणीत दोन अटी आहेत. चिन्ह चालेल, पण देवनागरीचं. जोडक चालेल, पण त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तरच. पर्लमध्ये मागे वळून पाहायची सोय आहे, ती इथे कामी येते. दादांच्या ओळखीतून पुढचं काम आलं आहे, अरबी वळणाच्या सिंधीतली जुनी यादी. तिच्यात ना हलन्त ना काना-मात्रा, आणि मजकुराची दिशा सांभाळणाऱ्या अदृश्य खुणा असणारच. पहिला तक्ता काढून ठेवला आहे. रविवारी कॅम्प चारला जाऊन दादांसोबत तो खालून वाचायला घ्यायचा आहे.